शेटलंडचा शरद: वाऱ्यामागे फिरताना

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या बेटांवर स्थलांतरी पक्षी पाहायला जायचं तर २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान किमान आठवडा मोकळा ठेवा. त्याहून कमी दिवस ठेवलेत आणि सगळे दिवस पश्चिमेचा वारा सुटला, तर हाती फारसं लागत नाही. पश्चिमेच्या वाऱ्यावर एखादा अमेरिकन पक्षी येतो, पण क्वचित. हवी ती आग्नेयेची झुळूक. स्कँडिनेव्हियावर हवेचा जास्त दाब असताना ती येते, आणि तिच्यासोबत पाऊस आला की उत्तर समुद्रावरून जाणारे थकलेले पक्षी मिळेल त्या जमिनीवर उतरतात. पाऊस ओसरल्यावरचे पहिले दोन-तीन तास अजिबात सोडू नका. निरभ्र रात्र गेली की कालची भरलेली बाग सकाळी रिकामी असू शकते.

झाडं इथे फार कमी, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. घरामागची चार सिकॅमोरची झाडं, ओढ्याकाठची झुडपं, दगडी बांधाचा आडोसा, समुद्रात उतरणाऱ्या अरुंद घळी: पक्षी इथेच सापडतात. दक्षिणेला सुंबरो हेडची जुनी खाण आणि क्वेंडेल, मध्यभागी केरगॉर्डची लावलेली झाडी, उत्तरेला अन्स्ट बेटावरचं नॉरविक. प्रत्येक ठिकाणी वाऱ्याच्या आडबाजूला उभं राहून निदान वीस मिनिटं थांबा. भराभर चालणाऱ्याला वटवट्या (वार्बलर) हे चिमुकले पक्षी दिसत नाहीत.

महाराष्ट्रातल्या पक्षीनिरीक्षकाला इथे विशेष आनंद होतो, कारण आपल्याकडचे हिवाळी पाहुणे इथे वाट चुकून येतात: ब्लिथ्स रीड वार्बलर, लाल छातीचा माशीमार, कॉमन रोझफिंच, कधी भोरडीचं मातकट पिल्लू. माशीमाराची कोरडी ‘टर्रर्र’ आणि ब्लिथ्सचा ‘चक्’ ओळखीचा असेल, तर पक्षी दिसण्याआधीच सापडतो.

पण भुवईवाल्या छोट्या वटवट्यांच्या बाबतीत हीच सवय फसवते. आपल्याकडे हिवाळ्यात दिसतो तो बहुधा ह्यूम्स वार्बलर. शेटलंडला सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो तो बहुतेक वेळा यलो-ब्राऊड वार्बलर. त्याची हाक शेवटी वर चढणारी, ‘त्सुईस्ट’. रंग हिरवा, पंखावरच्या दोन्ही पट्ट्या ठळक. ह्यूम्स राखट, वरची पट्टी पुसट, चोच आणि पाय गडद. तो इथे आलाच तर साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात येतो. शंका असेल तर मोबाइलवर हाक रेकॉर्ड करा. नुसत्या फोटोवरून वाद मिटत नाही.

अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी निघणारी बोट सकाळी साडेसातला शेटलंडच्या लर्विक बंदरात पोचते. गाडी सोबत घ्या, नाहीतर तिथे भाड्याने. अन्स्टला जाताना वाटेत दोन फेरीबोटी लागतात. गाडीची जागा आधी राखून ठेवा. फेअर आयल या दूरच्या बेटाचा बेत असेल तर पुढचे दोन दिवस रिकामे हवेत, कारण धुकं किंवा वारा असला की विमान आणि बोट दोन्ही रद्द होतात.

गाडी उभी करताना तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, नाहीतर दार उघडताच वारा ते उलटं फिरवून बिजागरी वाकवतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जलरोधक विजार लागतेच. छत्री घरी ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यात उजेड सुमारे दहा तासच असतो, म्हणून दुपारचं जेवण डब्यात घ्या. मोकळ्या रानात फिरायला कायद्याने मुभा आहे. घराच्या बागेत मात्र विचारूनच शिरा, कुंपण चढू नका, फाटक जसं होतं तसंच लावा. दुर्मीळ पक्षी दिसला तरी आधी घरमालकाला सांगा, मग इतरांना.