आमची वाटचाल: गर्भपिशवीच्या अस्तरातल्या पेशी आणि रत्नागिरीतली आमची लॅब

आम्ही बायकांच्या गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरातून पेशी वेगळ्या करतो, वाढवतो आणि रिसर्चवाल्यांना देतो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी नजर खाली घालतो. माझ्या आत्याने तर तोंडावर विचारलं होतं, "अगो, बापाची कलमं सोडून हे कसलं काढलंस?" तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते.

उंदराला पाळी येत नाही. बहुतेक प्राण्यांना येत नाही. त्यामुळे हे अस्तर दर महिन्याला गळून परत कसं उगवतं, गर्भ कधी धरतो, कधी धरत नाही, हे बघायला माणसाच्याच पेशी लागतात. एंडोमेट्रिओसिस म्हणजे असंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं, साधारण दहातल्या एका बाईला होतं, आणि "पाळीत दुखायचंच" म्हणून तिला वर्षानुवर्षं गप्प बसवतात. मुंबईत नोकरीला होते तेव्हा टिश्यूसाठी आम्ही आठवडेच्या आठवडे थांबायचो आणि इकडे गावी फायब्रॉइडसाठी पिशवी काढलेल्या बायका घरोघर, पॅथॉलॉजीचं काम झालं की उरलेलं सगळं दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. मला ते बघवेना. २०१८ला मी परत आले, नवऱ्याने साथ दिली, गाळा भाड्याने घेतला.

पहिलं वर्ष परवानग्यांतच गेलं आणि ते तसंच जायला हवं होतं. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरचा रिसर्च नीतीने होतोय ना हे बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय आम्ही एक तुकडासुद्धा घेत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्या आजही जगभर लॅबमध्ये वाढतायत, घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते. संमतीचा फॉर्म मराठीत आहे पण नुसता वाचून भागत नाही, शेजारी बसून बोलावं लागतं, "काकी, पिशवी तर काढणारच आहेत, त्यातला नखाएवढा तुकडा आम्हाला द्याल का, नाही म्हणालात तरी ऑपरेशनात काही फरक पडणार नाही" आणि नाही म्हणाल्या तर तिथेच उठायचं, परत विचारायचं नाही. नाव आमच्याकडे येतच नाही, येतो फक्त कोड, वय, पाळीचा कितवा दिवस आणि हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का एवढंच.

टिश्यू, म्हणजे तो तुकडा, बर्फावर, थंड मीडियात (पेशींना जगवणारं पोषक पाणी) येतो. ब्लेडने अगदी बारीक करायचा, कोलॅजनेज (पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळवणारं एन्झाइम) घालून ३७ डिग्रीला साधारण तासभर, मधेमधे हलवत राहायचं. सोबत डीएनए तोडणारं डीएनेज पण घालतो, नाहीतर फुटलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन सगळं शेवाळासारखं चिकट होतं. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं. नारळाचा रस गाळतो ना, अगदी तसं, फक्त इथे रसही हवा आणि चोथाही. खाली उतरतात त्या स्ट्रोमल पेशी, म्हणजे ग्रंथींच्या मधल्या आधाराच्या पेशी, वर जाळीवर राहतात त्या ग्रंथी, जाळी उलटी धरून त्या धुवून घ्यायच्या. त्यांच्याबरोबर थोड्या स्ट्रोमल येतातच, पण त्या प्लास्टिकला पटकन चिकटतात, ग्रंथींना वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासाने वर तरंगणारं सगळं उचलून दुसऱ्या फ्लास्कमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बाटलीत. शेवटी व्हायमेंटिन (स्ट्रोमल पेशींची खूण) आणि सायटोकेराटिन (ग्रंथींच्या पेशींची खूण) या प्रथिनांचं स्टेनिंग करून कोण कोण आहे ते पक्कं करतो, त्याशिवाय माल जात नाही.

चारपाच दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघा, स्ट्रोमल पेशी टोपलीत एका अंगाला लावलेल्या मांदेलीसारख्या दिसतात, लांबट, टोकदार. त्यांना सीएएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन दिलं की काही दिवसांत त्या गोल, भरलेल्या होतात, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सोडायला लागतात, गर्भ राहायच्या तयारीत शरीरात होतं तेच. मी हे शेकडो वेळा बघितलंय तरी दर वेळी खुर्ची ओढून बसते.

आता पाऊस. पहिल्या जुलैत अकरा फ्लास्क बुरशीने गेले, आम्ही इनक्युबेटर (पेशी उबेत वाढवायचं कपाट) तीनदा उघडून पुसला आणि कारण निघालं पुठ्ठ्याचे खोके, कल्चर रूमच्या कोपऱ्यात ठेवलेले, दमटपणाने आतून काळे पडलेले. त्या बाया पुन्हा तुकडा देणार नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं, पैशापेक्षा. तेव्हापासून पुठ्ठा दाराबाहेरच. दर महिन्याला मायकोप्लाझ्मा या बारीक जंतूची टेस्ट पण करतो, कारण तो साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनने मरत पण नाही.

मे २०२१ला तौक्ते वादळाच्या वेळी लाइट गेली ती लवकर आलीच नाही, डिझेल संपत आलं, वाढत्या पेशी सोडून द्याव्या लागल्या. वाचल्या त्या लिक्विड नायट्रोजनमधल्या, उणे १९६ डिग्रीला, त्याला वीज लागत नाही. आमचा पहिला कंटेनर कुठला घ्यावा हे गुरांना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, बैलांचं वीर्य नायट्रोजनमध्येच गोठवून ठेवतात, त्यांचं रोजचं काम त्याच्यावरच चालतं. नायट्रोजन घाटावरून येतो, आंबा घाटात दरड आली की गाडी अडकते, म्हणून पावसाआधी दोन्ही कंटेनर भरून ठेवतो.

गेल्या वर्षी पावसच्या एक काकी लॅब बघायला आल्या, त्यांनी टिश्यू दिला होता. कोडमुळे त्यांच्या पेशी कुठल्या हे मलाच माहीत नव्हतं, तसं सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या तरी दाखवल्या. बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग विचारलं, "ह्या जित्या हायत?" हो म्हटलं. "मग नीट बघा त्यांच्याकडं."

सध्या ग्रंथींच्या पेशींवर जास्त काम चाललंय. सपाट फ्लास्कमध्ये त्या फार टिकत नाहीत, २०१७ मध्ये त्यांचे ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखे वागणारे छोटे गोळे, करायची पद्धत आली, जेलच्या थेंबात त्या स्वतःच पोकळ गोळे करतात, आम्ही ते आता जमवत आणलंय. मुंबईची ऑर्डर फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियाने भरून, झाकण पॅराफिल्मने (ताणली की चिकटणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळून, रात्रीच्या कोकणकन्याने आमचा मुलगा हातात घेऊन जातो, डबा मांडीवर, बर्थखाली ठेवायचा नाही. या गुरुवारी सहा जातायत.