कोपऱ्यातला डबल बेस विकायला काढण्याआधी

वांद्र्याच्या जुन्या घरांत, मडगाव-म्हापशाकडे, अजूनही कुठे कुठे डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात मोठं, माणसापेक्षा उंच वाद्य, भिंतीला टेकून उभा दिसतो. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आलेल्या पिढीची ही वाद्यं. सिंथेसायझर आले, रेकॉर्डिंगची कामं आटली आणि एवढं मोठं धूड घरात अडचण होऊन बसलं. घर रिकामं करायची वेळ आली की विचारणा सुरू होते: याचे किती येतील? आणि सोबत आतल्या लेबलचा फोटो. लेबल शेवटी बघायचं असतं. आधी लाकूड, मग मान, मग भेगा.

त्याहीआधी एक ताकीद. साफसफाईच्या हौसेने चारही तारा एकदम उतरवू नका. पोटात, ‘जी’ (G) म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या बाजूला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायाच्या किंचित मागे एक लाकडी दांडी उभी असते: साउंड पोस्ट. ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. तारा सैल झाल्या की ती पडू शकते. आत गडगडल्याचा आवाज आला तर ती पडलेलीच आहे, अशा वेळी तारा मुळीच ताणू नका. चार स्टीलच्या तारांचा ताण मिळून शंभर किलोच्या वर जातो, आणि खाली आधार नसेल तर घोडीखालची फळी खचते.

आता टेप घ्या. वरच्या नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी मोजा. 104 ते 106 सेंटिमीटर भरली तर वाद्य थ्री-फोर्थ. नावावरून छोटं वाटतं, पण मोठी माणसं जगभर हाच साइज वाजवतात. 96-97 असेल तर हाफ, म्हणजे मुलांचा. 108 च्या पुढे फुल साइज, आणि त्याला गिऱ्हाईक उलट कमीच, कारण हात पुरत नाही. घोडी सरकलेली असेल तर माप चुकतं. एफ-होलच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या ‘f’ आकाराच्या भोकांच्या, आतल्या कडेला छोट्या खाचा असतात, घोडी साधारण त्यांच्या रेषेत हवी.

किंमतीचा सगळ्यात मोठा फरक पडतो तो वाद्य अखंड लाकडातून कोरलेलं आहे की प्लायचं, यावर. एफ-होलच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काही कारखाने ही कड काळी रंगवून टाकतात, मग थर दिसत नाहीत. अशा वेळी पुढच्या फळीच्या रेषा बघा. कोरलेल्या स्प्रूसच्या (पुढच्या फळीचं सूचिपर्णी लाकूड) रेषा सरळ, बारीक, मधल्या जोडापासून दोन्हीकडे सारख्या असतात आणि एफ-होलच्या कडेवरून तशाच आत उतरतात. पाठीसाठी आतून छोटा आरसा फिरवा. बाहेरची गाठ किंवा लाकडातली लाट आत त्याच जागी दिसली पाहिजे. बाहेर वाघाच्या पट्ट्यांसारखं मेपल आणि आत कोरं लाकूड असेल तर बाहेरचं नुसतं विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे. पुढची फळी कोरलेली आणि पाठ-कडा प्लायच्या, असा मधला प्रकारही असतो. तो या दोन्हींच्या मध्ये विकला जातो. आणखी एक खूण: रेषेच्या बाजूने लांब, सरळ भेग गेलेली असेल तर लाकूड बहुधा अखंड आहे. प्लाय तसा चिरत नाही. भेग बघून हळहळणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

प्लाय म्हणजे भंगार, असंही नाही. शिकागोच्या के कंपनीने 1937 पासून प्लायचेच बेस काढले, आणि अमेरिकेत जॅझ आणि ब्लूग्रासवाले ते आजही शोधून घेतात. एफ-होलमधून पाठीच्या आतल्या बाजूला सिरियल नंबर दिसतो, त्यावरून साधारण वर्ष लावता येतं.

आता लेबल. स्ट्रादिवारी, मागिनी, गास्पारो दा सालो अशी जुन्या इटालियन कारागिरांची नावं कारखान्यांनी घाऊक छापली. त्याचा अर्थ फार तर ‘त्या नमुन्यावर’ एवढाच. कामाची असते ती खालची बारीक अक्षरं. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यापासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं, त्यामुळे देश इंग्रजीत छापलेला असेल तर वाद्य बहुधा त्यानंतरचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे 1918 ते 1992. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे 1949 ते 1990, आणि मग मिटेनवाल्ड किंवा बुबेनरॉयट ही गावं संभवतात. मार्कनॉयकिर्शन पूर्व जर्मनीत होतं. त्या गावाचं नाव आणि ‘वेस्ट जर्मनी’ एकाच लेबलवर असेल तर लेबल खोटं. पण लेबल खरं असलं तरी ते त्याच वाद्याचं आहे, याची खात्री लाकूड आणि बांधणीच देते.

मग मान. मानेचा पाया शरीराला मिळतो तिथे व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. आत गेलं तर जोड सुटलाय. फिंगरबोर्डच्या (बोटं दाबतात त्या पट्टीच्या) टोकाशी तारांची उंची मोजा: बोटांनी वाजवायच्या सेटअपला ‘जी’ तारेखाली 6 मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यात जाड ‘ई’ तारेखाली 9-10 चालते. घोडी तासून आधीच बुटकी केलेली असूनही उंची 14 वर असेल तर मान पुढे ओढली गेली आहे. ती काढून पुन्हा बसवणं मोठं काम, आणि घेणारा ते पहिल्यांदा बघतो.

भेगांत साउंड पोस्टखालची भेग सगळ्यात वाईट, पाठीला असेल तर आणखीच. त्या मानाने कडेचा सांधा उघडणं किरकोळ. कोकणच्या पावसाळी दमटपणात सरस सुटतो, आणि तो सुटावा म्हणूनच वापरतात, म्हणजे फळी चिरण्याऐवजी सांधा उघडतो. तिथे फेविकॉल भरला की संपलं. पुढच्या कारागिराला लाकूड खरवडावं लागतं आणि ते पैसे तुमच्याच किंमतीतून जातात. स्पिरिटने पुसणंही तसंच: जुनं स्पिरिट व्हार्निश त्यातच विरघळतं. कोरडं मऊ फडकं पुरे. बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तर किडा अजून जिवंत आहे. ते लपवू नका.

किंमत काढताना जाहिरातीतले आकडे धरू नका, विकल्या गेलेल्या वाद्यांचे धरा. समजा तशाच वाद्याला चालू स्थितीत दीड लाख मिळाले. तुमच्या वाद्याला मानेचं काम 30 हजार, नव्या तारा आणि घोडी 25 हजार. उरले 95, आणि घेणाऱ्याची जोखीम धरून तो 80 च्या आसपास बोलेल. यात त्याची लबाडी नाही. विम्याच्या कागदावरचा आकडा मात्र इथे लावू नका. तो तसंच वाद्य नव्याने घेण्याचा खर्च असतो, विक्रीचा भाव नव्हे. किंमत लिहून देणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नसावा. मिरजेच्या तंबोरा-सतारवाल्यांच्या हाताबद्दल शंका नाही, पण साउंड पोस्ट बसवणं हे वेगळं काम आहे. व्हायोलिन कुळातली वाद्यं रोज उघडणारा गाठा.

खोळीच्या खिशात बो, म्हणजे वाजवायचा गज आहे का, बघा. त्याची किंमत वेगळी लावायची, कधी कधी तो वाद्याहून जास्त देऊन जातो. दांडीवर, फ्रॉगजवळ (हातात धरायच्या टोकाचा ठोकळा) शिक्का असतो. त्याचा जवळून फोटो घ्या. टोकाची पट्टी हस्तिदंती वाटली तर मात्र थांबा, भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. दांडी पर्नाम्बुकोची (ब्राझीलचं एक लाकूड) असेल तर परदेशी पाठवताना साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आधी तपासा.

सौदा ठरला की चारही तारा सारख्याच, एखाद-दुसऱ्या सुराने उतरवा, जास्त नाही. टेलपीसखाली (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) घडी केलेलं फडकं सारा, खालचा लोखंडी दांडा आत ढकला आणि टेम्पोत वाद्य कुशीवर झोपवा. घोडीवर पालथं कधीच नाही.