कोंब आलेला कांदा

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट, दुपारी मिक्सरचं झाकण शोधायला ओट्याखाली हात घातला तर हाताला कांदा लागला. टोपलीतून कधीतरी घरंगळला असणार आणि सिलिंडरच्या मागे जाऊन बसला, आणि तिथल्या तिथे, ना माती ना पाणी ना ऊन, पठ्ठ्याने बोटभर कोंब काढलेला. अंधारातला कोंब, त्यामुळे पिवळट पांढरा, टोकाला तेवढा पोपटी. माझी मीटिंग चालू होती, ती म्यूटवर होतीच, मी कांदा लॅपटॉपशेजारी ठेवून बघत बसलो.

कारण आता माझ्या पोटाच्या डाएटच्या नियमाने बघायला गेलं तर वरची हिरवी पात मला चालते आणि खालचा कांदा चालत नाही. एकाच वस्तूत अर्धं पथ्य आणि अर्धं कुपथ्य.

ज्यांना आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सहा-सात महिने पोटात कळा, गुबारा, सकाळी तीनदा जाणं किंवा तीन दिवस न जाणं, कुठेही गेलं की आधी संडास कुठाय ते बघून ठेवणं. मग ब्लड टेस्ट, स्टूल टेस्ट, सीलिअॅकची टेस्ट, थायरॉइड, शेवटी स्कोपी. सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन एवढं अपमानित वाटतं हे मला माहीत नव्हतं, म्हणजे काहीतरी छोटंसं तरी निघायला हवं होतं ना. मित्र म्हणाले टेन्शन घेतोस, सासूबाई म्हणाल्या गरम पाणी पीत जा, डॉक्टर म्हणाले आतडं सेन्सिटिव्ह आहे, त्याला चिडवू नका. तेव्हापासून मी त्याला चिडकं आतडं म्हणतो. बालवाडीत चिडका बिब्बा असायचा तसं.

मग डायेटिशियन मॅडम. त्यांनी लो फॉडमॅप डाएट दिलं, फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न पचता पुढे जाऊन गॅस करणारी कार्बोहायड्रेट्स, ती कमी करायची. हे डाएट ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी शोधलेलं, फॉडमॅप हा शब्द २००५चा. त्यांचं एक अॅप आहे, त्यात प्रत्येक पदार्थापुढे सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे दिवे. भात हिरवा, ज्वारी हिरवी, तूप चालतं. गहू, राजमा, दूध सगळं लाल. आणि लाल यादीत एकदम वरती लसूण आणि कांदा.

मी हसलोच. मॅडमना कळेना काय झालं. त्यांना सांगितलं की मी निफाड तालुक्यातला, आमच्या घरापासून लासलगाव मार्केट ट्रॅक्टरने अर्ध्या तासावर, माझी इंजिनीअरिंगची फी कांद्याने भरलीय.

आमच्या घरामागे कांद्याची चाळ होती, अजून आहे. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढून तिच्यात भरायचा आणि भाव बघत बसायचं. पावसाळ्यात एखाद्या उघडिपीच्या दिवशी चाळ फोडायची, बायका गोणपाट अंथरून बसायच्या आणि निवडायच्या, मोठा इकडे, गोल्टी तिकडे, सडका उकिरड्यावर. सडक्या कांद्याचा वास ज्याने घेतलाय त्याला पुढे आयुष्यात कुठल्याच वासाचं काही वाटत नाही. आणि कोंब आलेला कांदा वेगळा, तो मार्केटला चालत नाही, तो घरी. म्हणजे कांदेवाल्याच्या घरात चांगला कांदा कधी खाल्लाच जात नाही, आम्ही अख्खा पावसाळा कोंबवालेच खाल्ले. आजी ते कोंब विळीवर बारीक कापून पिठल्यात टाकायची. उरलेला कांदा भाकरीबरोबर, बुक्की मारून फोडलेला. माझी बुक्की लहानपणी बसायची नाही, कांदा सटकून चुलीकडे जायचा, मग तात्या एका बुक्कीत चार फाका करून द्यायचे.

तात्या म्हणजे आजोबा. माळकरी. आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण बंद. हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही, आता वाटतं, की हा माणूस ऐन चातुर्मासात रोज चाळीत बसून क्विंटलच्या क्विंटल कांदा हाताखालून घालायचा, रात्री जेवायला बसला तरी हाताचा वास जायचा नाही, आणि ताटात बिनकांद्याची शेंगदाण्याची आमटी. आणि तरी आम्हाला बुक्की मारून कांदा फोडून द्यायचे आणि हात धुवून यायचे. मी एकदा विचारलं होतं, तात्या, खावंसं वाटत नाही का. म्हणाले, "वाटतं की. पण कार्तिकीला सुटतंय ना."

तर कांद्यात फ्रुक्टन नावाचं फॉडमॅप असतं. ही कांद्याने स्वतःसाठी साठवलेली शिदोरी, पुढे कोंब यायचा तेव्हा कामाला यावी म्हणून. ते तोडायचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाहीच, कुणाच्याच नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले बॅक्टेरिया त्याच्यावर पार्टी करतात, गॅस होतो. बाकीच्यांना कळतही नाही, माझ्याकडे मात्र दंगल होते. आणि गंमत म्हणजे कोंब फुटायला लागला की कांदा स्वतः ते फ्रुक्टन तोडून कोंबाला घालतो. कांद्याला जे जमतं ते मला जमत नाही.

फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून आमच्याकडे फोडणीत अख्ख्या लसणाच्या दोन पाकळ्या लाल करून चमच्याने बाहेर काढतात, वास तेलात राहतो, लसूण बायको खाते. हे मला जमलेलं आहे, यात मी एक्स्पर्ट आहे. बाकी माझं जे झालंय ते जरा वेडगळ आहे. मी दुकानात चिवड्याचं पाकीट फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचतो, कांदा पावडर कुठे लपलीय ते बघतो. हिंगाची डबीसुद्धा वाचली, बांधानी हिंगात पीठ मिसळलेलं असतं, कुठे गव्हाचं कुठे तांदळाचं, तर तांदळाचा शोधून आणला. लग्नात पनीरच्या भाजीसमोर उभा राहून ग्रेव्हीत काय आहे विचारतो, वाढपी म्हणतो पनीर. रात्री इसबगोल, ते पाण्यात टाकलं की लगेच प्यायचं, मध्ये फोन आला तर ग्लासात खळ तयार होते आणि ती पिणं म्हणजे वॉलपेपर चिकटवायचं सामान पिणं. रात्रीचं जेवण आठच्या आत, शतपावली, संडासात मोबाइल न्यायचा नाही. आणि एक एक्सेल शीट. त्यात काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, आणि ब्रिस्टल चार्टप्रमाणे नंबर. ज्यांना ब्रिस्टल चार्ट माहीत नाही त्यांनी सर्च करू नये, निदान जेवताना नको.

आणि बरं वाटतं, हे सांगायला पाहिजे. खरंच बरं वाटतं. कळा गेल्या, शर्टाचं खालचं बटण संध्याकाळीसुद्धा लागतं.

फक्त हे डाएट सहा आठवड्यांचं होतं. मला चौदा महिने झालेत.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे कायमचं नाही, दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत, बाधतो का बघायचं, जे बाधत नाही ते सुरू. मी गव्हाची टेस्ट केली, दोन पोळ्या चालतात. दुधाच्या टेस्टला मी नेमका घरी जायचा दिवस निवडला, पुणे-नाशिक बसमध्ये मंचर ते नारायणगाव हे अंतर किती आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर टेस्ट बंद. कांद्याची टेस्ट मी दर सोमवारपासून करणार असतो. मग ऑफिसात रिलीज असतं, मग पाहुणे असतात, मग प्रवास असतो. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या एक चमचा खाऊन काय होणार आहे, फार तर पोट दुखेल, आधी दुखतच होतं की. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आईला तर हे प्रकरण मुळीच पटत नाही. फोनवर म्हणते, "आरं एक फोड तरी खाऊन बघ. मी काय रानात विष पेरती का?"

तर त्या दुपारी मी कात्रीने कोंब कापला आणि ऑम्लेटमध्ये टाकला. पिवळट होता, फारशी चव नव्हती. पात म्हणजे पात. आणि खालचा कांदा टोपलीत न टाकता काचेच्या ग्लासात थोडं पाणी घालून खिडकीत ठेवला. बायकोने विचारलं हे काय, म्हटलं टेस्टसाठी ठेवलाय, सोमवारी. ती काही बोलली नाही, तिला सोमवार माहितीयत.

आता त्याला दोन कोंब आलेत, उन्हामुळे चांगले हिरवेगार, त्यातला एक मी परवा पोह्यांवर घातला. कांदा मात्र दाबला की आत जातो, साल सैल झालीय, एका बाजूने पोकळ लागतो. बायको म्हणाली वास यायला लागेल, फेकू का. म्हटलं थांब जरा.

सकाळी आईचा फोन होता. चाळीत यंदा लवकरच कोंब यायला लागलेत म्हणाली, हवा दमट आहे. भाव विचारला तर नुसती हसली.