कडबनवाडीचा माळ आणि एक कोड्यात टाकणारा भोवत्या

कडबनवाडीला जायचं ते हिवाळ्यातच. इंदापूर तालुक्यातल्या या माळावरचं गवत नोव्हेंबरपर्यंत पिवळं पडतं आणि मध्य आशियातून आलेले भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, त्यावर घिरट्या घालू लागतात. आम्ही उजाडताच पोचलो. माळटिटव्या, चंडोल, उघड्या मुरमावर तुरुतुरु पळणारे धाविक, लांबवर चिंकारे. पण जीव अडकला तो एका तपकिरी पक्ष्यात.

पंख वर उचलून, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत तो तरंगत आला. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. म्हणजे बहुधा माँटेग्यूचा, नाहीतर पांढुरका भोवत्या. प्रौढ नर असता तर प्रश्नच नव्हता: माँटेग्यूच्या राखाडी पंखावर काळी आडवी रेघ असते, पांढुरक्याच्या पंखटोकाला नुसती काळी पाचर. माद्या आणि कोवळे पक्षी मात्र फार सारखे. याचं पोट तांबूस आणि बिनरेघांचं, तेव्हा पहिल्याच वर्षाचा, एवढं ठरलं. पुढे रंगावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कोवळ्या उन्हात सगळंच तांबूस दिसतं. मग तो वळला, मान फिरली, आणि गालावरच्या गडद डागामागे स्वच्छ फिकट कॉलर दिसली; तिच्यामागे मान पुन्हा गडद. माँटेग्यूला अशी ठळक कॉलर नसते. पांढुरकाच! जगभरात संकटाच्या उंबरठ्यावर गणला जाणारा हा पक्षी मी पहिल्यांदाच पाहिला, आणि बराच वेळ दुर्बीण खाली ठेववली नाही.

तुम्ही जाल तेव्हा फोकस चेहऱ्यावर धरा आणि पक्षी वळताना सलग फोटो घ्या. ओळख त्यातल्याच एखाद्यात सापडते. ऊन पाठीशी हवं. ऊन चढलं की हवा थरथरू लागते आणि दूरचे बारकावे पुसले जातात, तेव्हा मधली वेळ सोडून चारनंतर पुन्हा या.

संध्याकाळी मात्र जास्त जपा. भोवत्या गवतात जमिनीवरच, घोळक्याने रात्र काढतात. तिथे पायी शिरू नका, गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा, आणि फोटोसोबत मुक्कामाची नेमकी जागा कुणाला कळवू नका. वनखात्याच्या गवताळ सफारीची नोंदणी आधीच ऑनलाइन करा. कुसळं मोज्यांत घुसतात, म्हणून घोट्यावरचे बूट आणि गुळगुळीत कापडाची पँट घाला. माळावर सावली नाही, पाणी भरपूर न्या. मार्चपासून पक्षी परतू लागतात. डिसेंबर-जानेवारी गाठलात तर उत्तम.