तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस गेलेल्या घरी जाऊन करायचं काय?

"काकू, भेटायला जायचंय पण तिथे जाऊन बोलू काय?" हे मला सारखं विचारतात, बिल्डिंगमधल्या पोरी, भाचे, जुने सहकारी सगळेच, कारण बँकेत मी मयतांचे क्लेम बघायचे आणि त्यामुळे अशी खूप माणसं माझ्यासमोर येऊन बसलीत. माझं उत्तर एकच आहे. बोलायचं राहू द्या, त्या घरातलं एक काम उचला आणि ते शेवटपर्यंत करा. "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून येऊ नका, कोणी सांगत नाही हो, काय लागतंय हेच त्यांना सुचत नसतं.

पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून नाहीतर पाहुण्यांकडून पिठलं-भाकरी, वरणभात येतो, आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. फार चांगली पद्धत आहे. पण होतं काय की पहिल्या दिवशी सगळ्यांचेच डबे येतात, अन्न वाया जातं, आणि पाच-सहा दिवसांनी पाहुणे तर घरात असतात पण डबा एकही नसतो, त्यामुळे चार घरांनी फोनवर बोलून वार वाटून घ्या. येणाऱ्यांना चहा-पाणी कोण बघणार तेही ठरवून टाका, घरच्या सुनेला किचनमध्ये उभं राहायला लावू नका, तिचंही माणूस गेलेलं असतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या! त्या हमखास राहतात. एकाने तेवढंच काम घ्यायचं, वेळेवर गोळी, त्याआधी दोन घास पोटात, बस.

"कसं झालं? कधी कळलं? डॉक्टर काय म्हणाले?" हे प्रत्येक येणारा विचारतो आणि ती बाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसते, परत परत तेच. एखाद्या पुतण्याने किंवा जावयाने दाराजवळ बसावं आणि आलेल्यांना तिथेच काय ते सांगावं. "सुटले बिचारे", "वय झालंच होतं" हे तर नकोच, नव्वदीचे वडील असले तरी मुलांना ते हवेच असतात. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून "आता घरातला कर्ता तूच" असं कृपा करून म्हणू नका, त्याला रडू द्या, शाळेत त्याच्या क्लास टीचरला कळवून ठेवा, राहिलेल्या वह्या मित्राकडून आणून द्या. गेलेल्या माणसाबद्दल बोललं तर चालतं, उलट बरं वाटतं, त्यांची एखादी आठवण तुमच्याकडे असेल तर नाव घेऊन सांगा.

आता नवरा गेला असेल तर त्या बाईबद्दल, आणि हे मी सगळ्या बायकांना हात जोडून सांगते. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे करणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात, तेही तिला धड शुद्ध नसताना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून हे सगळं बंद केलं आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, म्हणजे खेडेगावात जमलंय, तुमच्या-आमच्या सोसायटीत का जमू नये? तुम्ही तिच्या शेजारी जाऊन बसा आणि कोणी हात पुढे केला तर स्पष्ट म्हणा, नको, राहू दे. भांडायची गरज नाही, एकीने म्हटलं की दुसऱ्या दोघीतिघी लगेच साथ देतात, त्यांच्याही मनात तेच असतं फक्त आधी कोण बोलणार हा प्रश्न असतो.

मग कागदपत्रं, यात तर मदत करणाऱ्याला पुष्कळ वाव आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर ते कळवतात, घरी गेले असतील तर डॉक्टरचा दाखला घ्यावा लागतो. नोंद करताना नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून बघा, एका अक्षराच्या फरकासाठी लोकांना महिनोनमहिने चकरा मारताना मी बघितलंय. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आधीच घ्या. त्यांचं सिमकार्ड बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, बरेच ओटीपी त्याच नंबरवर येतात. त्यांच्या एटीएमने पैसे मात्र काढू नका, नंतर त्रास होतो. आणि पासबुक नीट चाळा, वर्षाला ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता, त्यात वारसाला २ लाख मिळतात, २० रुपये कापले असतील आणि अपघाती मृत्यू असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख. पीएफ असलेल्या नोकरीत असताना गेले असतील तर पीएफसोबत विम्याचेही पैसे असतात, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. तुम्ही बरोबर जा, फॉर्म भरा, तिला फक्त सही करू द्या, पण कशावर सही करतेय ते आधी समजावून सांगा आणि पैसे तिच्याच खात्यात जातील हे बघा.

तेरावा झाला की पाहुणे जातात, सतरंज्या परत जातात आणि घर एकदम रिकामं होतं, तुमची खरी गरज तेव्हापासून आहे. रविवारी संध्याकाळी जा, फोन न करता गेलात तरी चालेल, भाजी निवडत बसा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा, स्वतः जाऊन बोलवा आणि बाकीच्यांना लावाल तसंच तिलाही कुंकू लावा. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ करत नाहीत, तर तुम्ही नेऊन द्या, चिवडा-लाडू सगळं, आणि मुलं असतील तर चकल्या जरा जास्तच न्या.