'क्रुसिफिक्सुस': तेरा आवर्तनं आणि काळी दोन

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता जर्मन संगीतकार बाखच्या बी मायनर मासला (ख्रिस्ती उपासनेच्या लॅटिन शब्दांवर रचलेलं मोठं संगीत) हात घालतो. घातला, पण अख्ख्या मासला नाही. तीन आठवडे मी त्यातल्या एकाच तीन मिनिटांच्या समूहगानात अडकून पडलोय, 'क्रुसिफिक्सुस'मध्ये. येशूला क्रुसावर चढवलं, त्याने यातना भोगल्या, त्याला पुरलं, एवढेच शब्द.

आधी पट्टी. स्वरलिपीत हे गाणं ई मायनरमध्ये आहे (ई हा सा आणि गंधार कोमल; मेजर म्हटलं की गंधार शुद्ध), म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी तीन. मोबाइलवरचा तानपुरा पांढरी तीनला लावला, संचालक जॉन एलियट गार्डिनर यांचं 1985 चं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन सेकंदांत कानाला खडा लागला. ट्यूनर काळी दोन दाखवत होता. फाइलचा वेग बिघडलाय असं वाटून मी ती पुन्हा उतरवून घेतली. फाइल ठीक होती, माझंच डोकं फिरलं होतं. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारी मंडळी ए हा सूर 440 ऐवजी साधारण 415 हर्ट्झवर लावतात, म्हणून सगळं अर्धा सूर खाली येतं. त्यामुळे नावाने 'बी मायनर' असलेला हा मास कानाला काळी पाचचा लागतो. कार्ल रिश्टर यांच्या 1961 च्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं आधुनिक आहेत, तिथे तानपुरा पांढरी तीनला मुकाट जुळला. तेव्हा ॲपने सांगितलेली पट्टी आणि कव्हरवर छापलेली पट्टी जुळली नाही, तर आधी वाद्यं कोणती आहेत ते पाहा.

नावाचंच म्हणाल तर तेही फसवं. बी मायनरमध्ये मोजकेच भाग आहेत. ट्रम्पेट-नगाऱ्यांची बरीचशी मोठी समूहगानं डी मेजरमध्ये आहेत.

आता लय. ॲपने मिनिटाला 106 ठोके सांगितले. हा आकडा एखाद्या ठसकेबाज गाण्याला शोभेल, आणि इथे तर पाय ओढत चालल्यासारखं वाटत होतं. मग स्वरलिपी उघडली. ताल 3/2, म्हणजे प्रत्येक मापात (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागात) तीन मोठ्या मात्रा. खालचा बास मात्र प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे करून एकच सूर ठोकत राहतो, आणि ॲप ते ठोके मोजत होतं. खरी लय त्याच्या निम्मी, 53. गाण्यात एकूण मापंही 53 आहेत. म्हणजे मात्रा 159, त्या तीन मिनिटांत संपल्या की लय 53 च येणार. योगायोग आहे, पण पडताळायला सोयीचा. माझ्याकडच्या एका जुन्या, भल्या मोठ्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) रेकॉर्डिंगला चार मिनिटं लागतात, म्हणजे लय 40 च्या आसपास.

फरक आकड्यांत किरकोळ दिसतो, ऐकताना तसा वाटत नाही. कारण हे गाणं उभं आहे बासच्या एका चार मापांच्या ओळीवर, आणि ती ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. तबलावादकांना लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी सुरावट) म्हटलं की लगेच कळेल. चार मापं गुणिले तीन म्हणजे बारा मात्रा, थेट एकतालाएवढं आवर्तन! (सम-खाली शोधू नका, मी शोधून थकलो.) 53 च्या लयीत एक आवर्तन साडेतेरा सेकंदांचं होतं, 40 ला अठरा सेकंदांचं. पहिल्यात ओळ चालते. दुसऱ्यात प्रत्येक सुरावर वजन साचत जातं. मला पहिली आवडते. दुःख असलं तरी पावलं थांबू नयेत.

ओळीतले सूर आपल्या भाषेत मांडून पाहिले. ई ला सा मानलं तर बास खाली उतरतो तो असा: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकही अर्धी पायरी न चुकवता. ललितमध्ये दोन मध्यम लागोपाठ येतात तेव्हा जी कळ उठते, तीच इथे घसरत घसरत पंचमापर्यंत जाते आणि परत सा वर येऊन तोच जिना पुन्हा उतरते.

आवर्तनं बोटांवर मोजली. पहिल्यांदा बारा आली, स्वरलिपीत तेरा. दोनदा चुकल्यावर लक्षात आलं की मी आवाज सुरू झाल्यापासून मोजत होतो. पहिलं आवर्तन नुसत्या वाद्यांचं आहे. मूळ चीज बाखने 1714 मध्ये जर्मनीतल्या वायमारला एका कॅन्टाटासाठी (चर्चमध्ये गायच्या अनेक भागांच्या रचनेसाठी) रचली होती, एफ मायनरमध्ये, 'रडणं, विलाप, चिंता' अशा जर्मन शब्दांवर, आणि तिथे आवर्तनं बाराच. आयुष्याच्या शेवटी, 1748-49 च्या सुमारास, मास पुरा करताना त्याने ती काढली, अर्धा सूर खाली आणली आणि तेरा केली. बासचे ते ठोकेही तेव्हाचेच, आधी तिथे लांब सूर होते.

आणि शेवटचं आवर्तन! बासरी आणि तंतुवाद्यं गप्प होतात. उरतात चार आवाज आणि खालचा बास. आवाज खाली खाली जातात, 'पुरलं' या शब्दापाशी बास बारा वेळा गिरवलेली वाट सोडतो आणि गाणं अलगद जी मेजरमध्ये विसावतं. ई मायनरचं दार बंद होईल म्हणून वाट पाहावी, तर शेजारचं उघडतं. जोशुआ रिफ्किन यांच्या 1982 च्या रेकॉर्डिंगमध्ये एका आवाजाला एकच गायक आहे, त्यामुळे इथे अक्षरशः चार माणसं उरतात. हा शेवट मला तिथे सर्वांत भिडला. बाकीच्या मासला मात्र मला कॉयरच हवा.

एक मूर्खपणा कबूल करतो. दोन आठवडे मी हे गाणं एकटंच रिपीटवर ऐकत होतो. परवा बसमध्ये रिपीट बंद राहिलं, जी मेजरचा सूर विरला आणि क्षणात मासमधलं पुढचंच समूहगान, 'एत रेसुर्रेक्सित' ('आणि तो पुन्हा उठला'), डी मेजरमध्ये ट्रम्पेट-नगाऱ्यांसह कानात फुटलं. शेजारच्या काकूंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मोबाइलचा आवाज मी त्या मंद शेवटासाठी पूर्ण वाढवलेला होता.