बाहेरून २, आतून ३६

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. मी हाताशी आल्यावर अलाइनमेंटचं मशीन घेतलं, मग मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, ठेवायला लागलो. जुन्या गाड्यांचं काम मात्र आम्ही शोधलं नाही, ते एका फजितीतून गळ्यात पडलं.

गाडी होती मर्सिडीज डब्ल्यू १२३, मालकाच्या वडिलांनी आखातातून आणलेली. मालक १४ इंची डिस्कना, म्हणजे मूळच्या लोखंडी चाकांना, कंटाळले होते. त्याच कंपनीच्या अलीकडच्या मॉडेलची १७ इंची मॅगव्हील ते स्वतःच घेऊन आले. पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) ११२ मिमी, मधलं भोकही जुळलं. टायर मडगार्डच्या कडेला असा बरोब्बर लागला होता की आम्ही फोटोच काढत बसलो. दुसऱ्या दिवशी गायमुखच्या वळणावरून फोन: "अहो, काहीतरी घासतंय!" पुढच्या दोन्ही टायरची आतली बाजू सोलून निघाली होती. टायर मी माझ्या खिशातून दिले.

रात्री कागदावर हिशोब मांडला. जुनी डिस्क ६ इंच रुंद, ऑफसेट ३०. नवीन व्हील साडेसात, ऑफसेट ४७. ऑफसेट म्हणजे चाकाची हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. आकडा वाढला की चाक आत सरकतं. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे ३८ मिमी, दोन्हीकडे १९-१९. त्यात ऑफसेटच्या फरकाचे १७, बाहेरून वजा, आत जमा. बाहेर वाढले फक्त २ मिमी, आत ३६.

बाबा एवढंच म्हणाले, "खाली वाकून बघायला काय झालं होतं?"

तेव्हापासून पैसे ठरण्याआधी आम्ही वाकतो. एकच चाक चढवायचं, आतल्या बाजूला जिथे जागा कमी तिथे क्लेचे गोळे चिकटवायचे, मागच्या सीटवर पोरं बसवायची, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. गोळा किती चेपला ते बघितलं की कळतं. क्ले कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून आणतो. दुकानदार अजून विचारतो, मुलगा कितवीत गेला.

आता शेडमध्ये एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मालकांना चाकं मडगार्डच्या बाहेर हवीत, मोबाईलवर फोटो दाखवतात. तसं केलं तर स्टेअरिंग जड होणार, बेअरिंगवर भार येणार आणि पावसात सगळा चिखल दारांवर उडणार, हे दोनदा सांगून झालंय. ते शनिवारी पुन्हा येणार आहेत. क्ले आणून ठेवलीय.